धनगरांचें मूळ आणि एक अक्षर

दिवाळी सरली म्हणजे बारामती-इंदापूरकडील मेंढपाळांचे कित्येक वाडे कोंकणची वाट धरतात आणि पावसाळ्याच्या तोंडीं परततात. खांद्यावर घोंगडी घेतलेला हा धनगर आपणां सर्वांच्या ओळखीचा. परंतु त्याचें मूळ कोणतें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं.

धनगर ही एकजिनसी जात नव्हे. मेंढ्या राखणारे हटकर, लोकरीचें विणकाम करणारे खुटेकर, सह्याद्रींत म्हशी पाळणारे डंगे असे तींत अनेक पोटभेद असून त्यांच्यांत पूर्वापार बेटीव्यवहार होत नसे. त्यांना एकत्र बांधणारे धागे म्हणजे पशुपालन आणि बिरोबा-खंडोबांची भक्ति. जेजुरीच्या खंडोबाची दुसरी पत्नी बाणाई ही धनगरकन्याच मानली जाते.

कायदा मात्र शब्द पाहतो. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादींत ‘ओरांव, धनगड’ अशी नोंद आहे. ‘र’चा ‘ड’ झाला, तो धनगड म्हणजे आम्हीच, असें समाजाचें म्हणणें. त्यासाठीं २०१४ च्या जुलैंत पंढरपुराहून बारामतीस पदयात्रा आली. उलट पक्ष म्हणतो, धनगड हे छोटा नागपूरच्या, द्राविडकुळांतील कुडुख भाषा बोलणाऱ्या ओरांवांपैकींच. मुंबई उच्च न्यायालयानें १६ फेब्रुवारी २०२४ रोजीं या मागणीच्या याचिका फेटाळल्या. यादींत फेरफार करण्याचा अधिकार संसदेचाच आहे.

त्या अक्षराचा निकाल कांहींही लागो. वाड्याबरोबर चालणाऱ्या मुलाची शाळा सुटते, हें तर डोळ्यांना दिसतें. ती सुटूं नये म्हणून झटण्यास त्याची वंशावळ ठरण्याची वाट पाहावयास नको.