बंद झालेली बंदूक अजून कमावते! मशीन घेण्याआधी हे वाचा



डोंगरकड्यात असा, कळमनुरीत असा की नांदेडला, जत्रेतला फुगे फोडायचा स्टॉल तुम्ही पाहिलाच असेल. औंढ्याची महाशिवरात्र असो की हिंगोलीचा दसरा, एक फळी, रंगीत फुगे आणि एक जुनी छऱ्याची बंदूक. आज त्या बंदुकीकडे धंदेवाल्याच्या नजरेनं बघू.

जुन्या हौशी लोकांना ‘आयएचपी 35’ हे नाव माहीत असतं. आयएचपी म्हणजे इंडियन ह्यूम पाईप, सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1926 साली उभी केलेली कंपनी. मुख्य धंदा सिमेंटच्या पाइपांचा. तरी तिनं जर्मनीच्या ‘डायना 35’च्या धर्तीवर एअर रायफल बनवली. आता ती नवी मिळत नाही, जुनीच हातोहात फिरते.

मग नवी मिळत नसताना ती चालते कशी? कारण आत लपवाछपवी काहीच नाही. नळी खाली मोडली की स्प्रिंग दबते. ट्रिगर ओढला की स्प्रिंग दट्ट्याला पुढं ढकलते, हवा दाबली जाते आणि छर्रा सुटतो. दट्ट्याला चामड्याचं वायसर असतं, सायकलच्या पंपात असतं तसंच. लाइट नको, सिलिंडर नको. वायसर झिजलं तर हुशार कारागीर नवं कापून देतो.

यातून आपण काय घ्यायचं?

1. दुरुस्ती आधी, किंमत नंतर. मिरची कांडप घ्या नाहीतर शिलाई मशीन. आधी विचारा, आपल्या तालुक्यात हे कोण उघडू शकतं? ऐन सीझनला मशीन आठ दिवस बंद राहिली, तर स्वस्तात घेतल्याचा फायदा तिथंच संपला. हप्ता मात्र थांबत नाही.

2. झिजणारा भाग ओळखा. बंदुकीत स्प्रिंग आणि वायसर. तुमच्या मशीनमध्ये कोणता? तो एक जास्तीचा घरात ठेवा.

3. वापरायची शिस्त पाळा. स्प्रिंग दाबून बंदूक तशीच ठेवली की स्प्रिंग थकते. छर्रा न घालता चाप ओढला की दट्ट्या जोरात आदळतो. तेल जास्त झालं तरी नुकसानच. कामाला ठेवलेल्या पोराला हे पहिल्या दिवशी शिकवा.

4. कायदा आधी वाचा. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार .177 पेक्षा मोठी किंवा 20 ज्यूलपेक्षा जास्त ताकदीची एअरगन परवान्याशिवाय चालत नाही. स्टॉल टाकणार असाल तर जत्रा समितीची परवानगी, फळीमागं छरा अडेल असा भक्कम आडोसा आणि गर्दीसाठी दोरी हवीच. एका पोराच्या डोळ्याला लागलं, तर सगळी कमाई त्यापुढं शून्य.

आजचं काम: जी मशीन घ्यायचा विचार आहे तिचे झिजणारे तीन भाग वहीत लिहा. प्रत्येकापुढं दोन गोष्टी: कुठं मिळतो आणि किती दिवसांत मिळतो. रकाना रिकामा राहिला, तर ॲडव्हान्स देऊ नका.