रिकामं सभागृह आणि पंचांचे कान

डब्लिनमध्ये राहत असाल, तर लुआसच्या रेड लाइनने सॅगर्टकडे जाताना सिटीवेस्ट तुम्ही पाहिलंच असेल. महामारीआधी काही वर्षं इथल्या हॉटेलच्या मोठ्या सभागृहात ‘आयरिश ओपन’ ही किकबॉक्सिंगची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरायची. २०२० मध्ये आयर्लंडच्या आरोग्यसेवेने हा परिसर विलगीकरणासाठी घेतला, आणि २०२१ मध्ये इथे लसीकरण केंद्र सुरू झालं. तुमच्यापैकी काहींनी लस तिथेच घेतली असेल.

महामारीच्या नियमांचा सर्वांत मोठा फटका अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांना बसला. आपल्याकडे महाराष्ट्र केसरी जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत झाली, त्यानंतर थेट एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात. जिथे लढती झाल्या, तिथे आधी चाचणी आणि प्रेक्षकांना मज्जाव. टोकियो ऑलिम्पिकमधलं ज्युदो, कराटे, तायक्वांदो असंच पार पडलं. आरोग्यासाठी केलेल्या या नियमाने एक जुना प्रश्न पुन्हा समोर आणला: गर्दी नसेल, तर निकाल बदलतो का?

कुस्तीच्या भाषेत सांगते. प्रतिस्पर्धी चितपट झाला, की वाद संपतो. गुणांवरच्या कुस्तीत मात्र पंचांचं मत मध्ये येतं. बॉक्सिंगमध्येही असेच दोन प्रकार असतात. युरोपातल्या अजिंक्यपदाच्या लढतींवर २००५ मध्ये बाल्मर, नेव्हिल आणि लेन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोघे तुल्यबळ असतील, तर यजमान बॉक्सर जिंकण्याची शक्यता नॉकआउटमध्ये ५७ टक्के, पंचांनी लढत थांबवल्यास ६६ टक्के आणि गुणांवरच्या निकालात ७४ टक्के निघाली. म्हणजे पंचांचा वाटा जितका जास्त, तितका घरच्या खेळाडूचा फायदा जास्त.

यात पंच लबाड असतात असं नाही. ठोसा क्षणार्धात लागतो आणि बऱ्याचदा खेळाडूची पाठच मध्ये येते. डोळ्यांना पुरेशी माहिती मिळाली नाही, की मेंदू कानांची मदत घेतो. गर्दीने जल्लोष केला, म्हणजे काहीतरी लागलं असणार! मायर्स आणि बाल्मर यांनी थाई बॉक्सिंगच्या लढतींत काही पंचांना गर्दीचा आवाज ऐकू दिला, तर काहींना आवाज रोखणारे हेडफोन दिले. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान खेळाडूला प्रत्येक लढतीत सरासरी सुमारे अर्धा गुण जास्त दिला. चुरशीच्या लढतीत तेवढा पुरतो.

महामारीत हाच प्रयोग जणू जगभर झाला. फुटबॉलमध्ये प्रेक्षकांविना झालेल्या सामन्यांच्या अनेक अभ्यासांत पाहुण्या संघाला मिळणारी जास्तीची पिवळी कार्डं कमी झालेली दिसली.

पण हा प्रयोग प्रयोगशाळेइतका स्वच्छ नव्हता. सराव बंद होता, प्रवास अडला होता आणि शांततेत दुसरे आवाज मोठे झाले होते. ९ मे २०२० रोजी जॅक्सनव्हिलला रिकाम्या स्टेडियममध्ये यूएफसी २४९ झाली. तिथे ग्रेग हार्डीला समालोचक डॅनियल कॉर्मियरचं बोलणं रिंगणात ऐकू आलं. प्रतिस्पर्ध्याच्या लाथा अडवायला हव्यात, हे त्याने तिथूनच उचललं आणि जिंकल्यावर कॉर्मियरचे आभारही मानले! प्रेक्षक गेले, पण खेळाडूला आणि पंचांना कान होतेच.

आता गर्दी परतली आहे, आणि ती हवीच. हलगीशिवाय कुस्तीचा फड कसला? मग न्याय कसा साधायचा? तायक्वांदोत छातीच्या कवचातले सेन्सर फटका मोजतात. त्यांना टाळ्या ऐकू येत नाहीत. ते परवडत नसेल, तिथे पंचांना वेगवेगळ्या बाजूंना बसवणं आणि शंका आली की व्हिडिओ पाहणं, तोही आवाज बंद करून, एवढं तरी जमण्यासारखं आहे. तुमचं मूल इथे कराटे किंवा किकबॉक्सिंग शिकत असेल, तर पुढच्या स्पर्धेत पंच कुठे बसलेत आणि आरडाओरडा कुठल्या बाजूने होतोय, हे जरूर पाहा. आणि आपण स्वतः किती ओरडतोय, तेही!