ईदचा चंद्र आणि समुद्राचे उधाण

रमजान ईदची नमाज झाली, शिरखुर्मा झाला की मालवण, देवगड, वेंगुर्ल्याची आपली कितीतरी कुटुंबे मुलाबाळांना घेऊन समुद्रावर जातात. आदल्या संध्याकाळी पाहिलेली चंद्रकोर नखाएवढी. एवढासा चंद्र पाण्याला काय ओढणार? म्हणजे आज समुद्र शांत! व्यवहारज्ञान असेच सांगते आणि इथेच ते फसवते.

कोर लहान दिसली तरी चंद्र पूर्णच असतो. त्याची उजळलेली बाजू तेवढी आपल्याकडे थोडी वळलेली असते. अमावास्येच्या सुमारास सूर्य आणि चंद्र एकाच दिशेला येतात, त्यांचा जोर एकत्र होतो आणि उधाण येते.

मग पौर्णिमेला दोघे समोरासमोर असताना उधाण का? कारण चंद्राकडच्या पाण्यावर ओढ जास्त असते, पलीकडच्या पाण्यावर कमी. या फरकामुळे पाणी पृथ्वीच्या दोन्ही बाजूंना फुगते. म्हणूनच आपल्याकडे दिवसाला साधारण दोन भरत्या येतात, त्याही रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा. सूर्य प्रचंड खरा, पण फार दूर. भरतीवरचा त्याचा परिणाम चंद्राच्या निम्म्याहूनही कमी.

गॅलिलिओसारखा शास्त्रज्ञही इथे चुकला. चंद्र एवढ्या लांबून पाणी ओढतो, हे त्याला पटेना. होडीतले पाणी हिंदकळावे तसा समुद्र पृथ्वीच्या गतीने हेलकावतो, असे त्याने 1632 च्या ग्रंथात मांडले. त्या हिशेबाने दिवसाला एकच भरती यायला हवी होती. खरा उलगडा न्यूटनने 1687 मध्ये गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने केला.

आम्हांला सांगायचे आहे ते इतकेच, की आपले हिजरी कॅलेंडर भरतीचाही अंदाज देते. महिन्याची पहिली दोन-तीन चंद्रे आणि शब-ए-बरातसारखी पंधरावी रात्र, हे उधाणाचे दिवस. आठ ते दहा तारखेला, म्हणजे बकरी ईदच्या सुमारास, भांगाची भरती. पाण्याचा चढ-उतार कमी. वाऱ्याच्या लाटा मात्र वेगळ्या. पावसाळ्यात भांगालाही भरवसा नाही.

उधाणात भरती जास्त चढते तशी ओहोटीही जास्त उतरते. एरवी पाण्याखाली असलेले खडक उघडे पडतात, मुले त्यांवर लांब जातात आणि काही तासांत तेच खडक पाण्याखाली जातात. तेव्हा ईदच्या दिवशी रॉक गार्डनच्या खडकांवर जाण्याआधी किनाऱ्यावरच्या मच्छीमार भावांना भरतीची वेळ विचारा. मुलांनाही त्यामागचे कारण सांगा.