जमीन अचल, भांडवल चल : स्थावर मालमत्ता गुंतवणुकीचे विद्यापीठीय शिक्षण

जमीन आणि तिच्यावरील इमारत जागची हलत नाही. त्यांत गुंतणारा पैसा मात्र देशांच्या सीमा ओलांडून जातो. एका देशातील कामगारांच्या निवृत्तिवेतन निधीची रक्कम दुसऱ्या देशातील कार्यालये, गोदामे वा दुकानांच्या इमारतींत गुंतवली जाते आणि तेथील भाड्यातून त्या कामगारांच्या उतारवयाची तरतूद होते. भारतानेही २००५ साली बांधकाम विकास क्षेत्रात शंभर टक्के परकीय थेट गुंतवणुकीला काही अटींवर वाट मोकळी करून दिली. २०१४ मध्ये 'सेबी'ने स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यासांची नियमावली केली व २०१९ मध्ये असा पहिला न्यास शेअर बाजारात नोंदला गेला. हे व्यवहार पारखून पाहण्याचे शास्त्र आज विद्यापीठांतून शिकवले जाते. या शास्त्राचे स्वरूप काय आणि आपल्या विद्यार्थ्यांना त्याचा कितपत उपयोग आहे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

ज्ञानशाखेचा उगम

या विद्येचे मूळ जमीन मोजणीच्या व मूल्यांकनाच्या धंद्यात आहे. भूमापक व मूल्यमापक यांची व्यावसायिक संस्था लंडनमध्ये १८६८ साली स्थापन झाली व १८८१ साली तिला राजसनद मिळाली. हीच आजची 'रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्स' होय. धंद्यासाठी लागणारे पद्धतशीर शिक्षण देण्याच्या हेतूने १९१९ मध्ये 'कॉलेज ऑफ इस्टेट मॅनेजमेंट' निघाले. १९६७ च्या सुमारास तेथील पूर्णवेळ अभ्यासक्रम रेडिंग विद्यापीठाकडे आले. रेडिंग येथे स्थावर मालमत्ता व नियोजन हा विभाग आज हेन्ली बिझनेस स्कूलचा भाग आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेने १९८३ मध्ये स्थावर मालमत्तेचे स्वतंत्र केंद्र सुरू केले.

अभ्यासाचे विषय

अशा अभ्यासक्रमांत सामान्यतः मूल्यांकन, मालमत्तेचा कायदा, नगरनियोजन, नागरी अर्थशास्त्र, वित्तव्यवहार व करपद्धती हे विषय असतात. आंतरराष्ट्रीय गुंतवणुकीच्या अभ्यासात त्यांना परकीय चलनाचा विनिमय दर, देशोदेशींचे भाडेपट्टे आणि जोखमीचे वाटप यांची जोड मिळते. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा एक वर्षाचा असतो. मात्र पदवी मिळाली म्हणजे माणूस 'चार्टर्ड सर्व्हेयर' झाला, असे नव्हे. मान्यताप्राप्त पदवीनंतर सामान्यतः दोन वर्षे देखरेखीखाली काम करून व्यावसायिक क्षमतेची परीक्षा द्यावी लागते.

आकडे काय सांगतात?

या अभ्यासाचे मर्म एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. लंडनमधील एका इमारतीचे वार्षिक भाडे एक लाख पौंड आहे. गुंतवणूकदार ५ टक्के परताव्यावर समाधानी असतील, तर त्या इमारतीची किंमत २० लाख पौंड होते. पुढे व्याजदर वाढले व तेच गुंतवणूकदार सव्वासहा टक्क्यांची अपेक्षा करू लागले, तर किंमत १६ लाख पौंडांवर येते. भाडे एका पैनेही कमी झालेले नाही, भाडेकरूही तोच आहे. तरीही किमतीचा पाचवा हिस्सा नाहीसा झाला.

आता हीच इमारत एका भारतीयाने पौंडाचा भाव १०० रुपये असताना घेतली, असे समजू. त्याने २० कोटी रुपये घातले. विक्रीच्या वेळी पौंड ९० रुपयांवर आला असेल, तर हाती १४ कोटी ४० लाख रुपये पडतील. म्हणजे भाड्याचे उत्पन्न सोडल्यास तोटा २८ टक्क्यांचा. आणि निम्मी रक्कम इंग्लंडमध्ये कर्जाऊ घेतली असेल, तर १० लाख पौंडांचे कर्ज फेडून ६ लाख पौंड उरतील. स्वतःच्या १० कोटी रुपयांचे ५ कोटी ४० लाख होतील. कर्जामुळे नफा वाढतो हे जाहिरातीत सांगितले जाते. तोटाही त्याच हिशेबाने वाढतो, हे विद्यापीठात शिकवले जाते.

दुसरा धडा रोकड सुलभतेचा. इमारत एका दिवसात विकता येत नाही. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याविषयी सार्वमत झाले. त्यानंतर जुलैच्या आरंभी सामान्य ठेवीदारांचा पैसा इमारतींत गुंतवणाऱ्या अनेक निधींकडे परताव्याची एकच मागणी झाली व त्यांना पैसे देणे काही काळ थांबवावे लागले. इमारती जागेवर होत्या. रोख पैसा नव्हता.

कायदा ज्या त्या भूमीचा

आकड्यांइतकेच महत्त्व हक्काच्या स्वरूपाला आहे. इंग्लंडमध्ये सदनिका 'विकत घेतली' असे म्हटले जाते, तेव्हा ती पुष्कळदा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानेच मिळालेली असते. मुदत सरत जाते तशी किंमत घटते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे भूखंडही ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले जातात, हे लक्षात घेतल्यास ही कल्पना आपल्याला परकी वाटणार नाही.

इंग्लंडमध्ये नोंदणीकृत मालकीहक्काला शासनाची हमी असते. आपल्याकडे खरेदीखताची नोंदणी ही दस्ताची नोंदणी असते. सातबारा हा महसुली अभिलेख असून त्यातील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते. ती मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वये अनेक जुन्या भाडेकरूंना संरक्षण आहे. परंतु बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना दिलेल्या जागा त्यातून वगळल्या आहेत. एकाच रस्त्यावरील दोन सारख्या इमारतींच्या किमतींत जमीन-अस्मानाचे अंतर का पडते, याचे उत्तर अशा तरतुदींत सापडते.

गावपातळीवरील संबंध

परदेशस्थ नातेवाइकाला गावाकडे शेतजमीन घेता येईल काय, असा प्रश्न पंचायत सदस्यांना विचारला जातो. परकीय चलन व्यवस्थापन अधिनियम, १९९९ खालील नियमांनुसार अनिवासी भारतीयास घर वा व्यापारी जागा घेता येते. मात्र शेतजमीन, मळ्याची जमीन वा फार्महाऊस सर्वसाधारणपणे विकत घेता येत नाही. वारसाहक्काने शेतजमीन मिळू शकते. याउलट, येथील रहिवाशाला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार शिक्षण, गुंतवणूक आदी अनुज्ञेय कारणांसाठी मिळून एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. ही मर्यादा म्हणजे गुंतवणूक सुरक्षित असल्याची ग्वाही नव्हे.

विद्यार्थ्यांना मार्गदर्शन

परदेशी शिक्षणासाठी अनेक कुटुंबे घर वा शेत तारण ठेवून कर्ज काढतात. म्हणून शिक्षकांनी विद्यार्थ्याला काही गोष्टी आधीच तपासावयास सांगाव्यात : पदवी देणारी संस्था खरोखर विद्यापीठ आहे काय, अभ्यासक्रमास व्यावसायिक संस्थेची मान्यता आहे काय, शिक्षणानंतर त्या देशात काम करण्याची परवानगी किती काळ मिळते, आणि परत आल्यावर ती पदवी कोठे उपयोगी पडेल. सदनिका विकणाऱ्यांनी भरवलेला दोन दिवसांचा वर्ग व विद्यापीठाचा अभ्यासक्रम यांतील भेदही स्पष्ट करावा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती योजना आहे. तिच्या चालू वर्षाच्या अटी समाज कल्याण कार्यालयात पाहाव्यात.

परदेशी जाणे हाच एक मार्ग आहे, असेही नाही. वल्लभ विद्यानगर येथील सरदार पटेल विद्यापीठात स्थावर मालमत्ता मूल्यांकनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. कंपनी कायद्याखालील २०१७ च्या नियमांनी 'जमीन व इमारत' या वर्गासाठी नोंदणीकृत मूल्यमापकाची व्यवस्था निर्माण केली आहे.

या विद्येची पूर्वतयारी मात्र गावातच करता येते. ज्या विद्यार्थ्याला आपल्या गावचा सातबारा, फेरफार आणि मिळकत पत्रिका वाचता येते, हक्क कोणाचा व बोजा कोणाचा हे ओळखता येते, त्याला लंडन वा सिंगापूरच्या मालमत्तेविषयी नेमके कोणते प्रश्न विचारावयाचे, हे शिकणे जड जाणार नाही. तलाठी कार्यालयातील एखादी दुपार शाळेच्या सहलीत समाविष्ट केल्यास त्या शिक्षणाचा पाया तेथेच घातला जाईल.