फुप्फुसाचा कर्करोग : औषध कोणाला लागू पडते?

रोगाचे निदान निराळे आणि त्यावरील उपचार निराळा, अशी सर्वसाधारण समजूत असते. निदान म्हणजे रोगाला नाव देणे. ते एकदा दिले की त्या नावापुढे लिहिलेले औषध द्यावयाचे, एवढेच काय ते उरते. पुष्कळ रोगांच्या बाबतीत ही समजूत चालून जाते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत मात्र ती घातक ठरू शकते, हे गेल्या पंचवीस वर्षांतील संशोधनाने निर्विवादपणे दाखवून दिले आहे. एकच औषध एका रोग्याला महिनोन्‌महिने हिंडताफिरता ठेवते. आणि शेजारच्याच खाटेवरील, त्याच नावाचा रोग जडलेल्या दुसऱ्या रोग्याचा मोलाचा वेळ व्यर्थ दवडते. असे का व्हावे, आणि ते अगोदर ओळखता येते काय? या प्रश्नाचा उलगडा कसा झाला, ही हकीकत प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने जाणून घेण्याजोगी आहे; कारण असा प्रसंग घरात ओढवला असता जे निर्णय तातडीने करावे लागतात, त्यांचे मर्म याच हकीकतीत आहे.

सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिले असता फुप्फुसाच्या कर्करोगाचे दोन मोठे वर्ग पडतात. एका वर्गातील पेशी आकाराने लहान असतात व तो रोग फार झपाट्याने पसरतो. उरलेल्या सर्व प्रकारांना मिळून ‘लहान पेशींखेरीजचा कर्करोग’ असे नाव आहे. शंभर रोग्यांपैकी सुमारे ८५ रोगी या दुसऱ्या वर्गात येतात. श्लेष्मा उत्पन्न करणाऱ्या ग्रंथींच्या पेशींपासून होणारा अ‍ॅडिनोकार्सिनोमा व चपट्या पेशींचा स्क्वेमस कर्करोग हे त्यांतील प्रमुख प्रकार होत. हे नावच मोठे बोलके आहे. रोग काय आहे हे ते सांगत नाही. काय नाही, एवढेच सांगते. अनेक निरनिराळे रोग एकाच गाठोड्यात बांधले गेले होते, आणि ते गाठोडे सुटेपर्यंत उपचाराची वाट सापडणे कठीण होते.

गाठ लहान असून फुप्फुसापुरतीच मर्यादित असेल, तर शस्त्रक्रिया हा पूर्वीपासूनचा खात्रीचा मार्ग होय. १९३३ साली अमेरिकेतील सेंट लुई शहरी एव्हार्ट्स ग्रॅहॅम या शल्यविशारदाने कर्करोगाने ग्रासलेले एका बाजूचे संपूर्ण फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढून टाकले, आणि तो रोगी, जो स्वतः डॉक्टर होता, पुढे जवळजवळ तीस वर्षे जगला. दैवगती अशी की, १९५० साली धूम्रपान व हा रोग यांचा संबंध दाखविणाऱ्या प्रसिद्ध संशोधनात भाग घेणारे ग्रॅहॅम स्वतः अनेक वर्षे सिगारेट ओढीत होते, आणि १९५७ साली याच रोगाने त्यांचा अंत झाला. त्यांचा रोगी त्यांच्यामागे उरला.

परंतु शस्त्रक्रियेचा लाभ होण्यास रोग वेळीच सापडावा लागतो, आणि फुप्फुसाला आतून वेदना जाणवत नसल्यामुळे तो बहुधा उशिरा सापडतो. अमेरिकेत ५३,००० हून अधिक दीर्घकाळच्या धूम्रपींवर झालेल्या एका चाचणीचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. अल्प किरणमात्रेच्या सी. टी. तपासणीने, साध्या क्ष-किरण छायाचित्राच्या तुलनेत, या रोगाने होणारे मृत्यू शेकडा २० नी घटले. मात्र तपासणीत संशयास्पद ठरलेल्या शंभर निकालांपैकी ९६ निकालांत कर्करोग नव्हताच, हीही गोष्ट त्याच चाचणीत आढळली. क्षयाचे जुने व्रण ज्या देशात पुष्कळांच्या फुप्फुसांत असतात, तेथे या दुसऱ्या आकड्याचे महत्त्व अधिकच आहे.

आता रोग शरीरात पसरल्यावर काय करावयाचे, हा प्रश्न. येथे रसायनोपचार, म्हणजे ज्यास सर्वत्र केमोथेरपी म्हणतात, तोच बराच काळ एकमेव आधार होता. कोणती औषधे अधिक चांगली, हे ठरविण्यासाठी अमेरिकेत १,२०७ रोग्यांची चार गटांत वाटणी करून चार निरनिराळ्या औषधजोड्या देण्यात आल्या. २००२ साली निकाल लागला तो असा की, चारही जोड्या सारख्याच! उपचार सुरू झाल्यापासून सुमारे आठ महिन्यांत निम्मे रोगी दगावले होते. औषधे बदलून पाहण्याचा मार्ग जणू भिंतीपाशी येऊन थांबला.

त्याच सुमारास जेफिटिनिब नावाची एक गोळी पुढे आली. पेशीच्या पृष्ठभागावर ‘ई. जी. एफ. आर.’ या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे एक प्रथिन असते. बाहेरून आलेला ‘वाढ’ हा निरोप पेशीच्या आत पोचविणे हे त्याचे काम. हा निरोपच अडवावा, म्हणजे कर्करोगाची वाढ खुंटेल, अशी या गोळीमागील कल्पना. जपानमध्ये २००२ साली व अमेरिकेत २००३ साली तिला परवानगी मिळाली. अनुभव मात्र चमत्कारिक आला. बहुतेकांना तिचा काहीच गुण येईना. पण थोड्या रोग्यांची प्रकृती काही दिवसांतच पालटे, धाप थांबे, छायाचित्रातील डाग विरून जाई. हे भाग्यवंत बहुधा कधीही धूम्रपान न केलेले असत. त्यांत स्त्रिया अधिक आणि पूर्व आशियातील लोक अधिक. पुढे १,६९२ रोग्यांवर मोठी चाचणी झाली. तिच्यात सर्व रोग्यांचा एकत्रित हिशेब केला तेव्हा गोळीने आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले नाही, आणि २००५ साली अमेरिकेत तिचा वापर, ज्यांना तिचा लाभ होत होता, जवळजवळ त्यांच्यापुरताच मर्यादित करण्यात आला. औषध निकामी ठरण्याच्या बेतात होते.

वास्तविक चूक औषधात नव्हती. प्रश्न विचारण्याच्या रीतीत होती. २००४ साली बॉस्टन येथील संशोधकांनी, ज्यांना गुण आला अशा ९ रोग्यांच्या गाठींतील ई. जी. एफ. आर.चे जनुक तपासले. ८ जणांत त्यात विशिष्ट बदल आढळला. ज्यांना गुण आला नव्हता अशा ७ जणांपैकी एकातही तो नव्हता. निरोप्या प्रथिनाचा खटका या बदलामुळे कायमचा ‘चालू’ राहतो. बाहेरून निरोप येवो वा न येवो, पेशी वाढतच राहते. हा बदल आईबापांकडून आलेला नसून त्या गाठीतच उद्भवलेला असतो. अशा गाठीचे सारे जीवन त्या एका खटक्यावर अवलंबून असते, म्हणून तो बंद करताच ती कोमेजते. ज्या गाठीत हा बदल नाही, तिला त्या खटक्याची पर्वाच नसते.

अनुमान कितीही सुंदर असले तरी वैद्यकात ते कसोटीस लागावे लागते. ती कसोटी पूर्व आशियातील नऊ प्रदेशांत झालेल्या चाचणीने लावली. धूम्रपान न केलेले अथवा अल्प केलेले १,२१७ रोगी निवडून, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे केवळ योगायोगाने त्यांची दोन गटांत वाटणी करण्यात आली. एका गटास जेफिटिनिब, दुसऱ्यास रसायनोपचार. अशी वाटणी करण्याचे कारण उघड आहे. डॉक्टरांच्या मर्जीने वाटणी झाली, तर सशक्त रोगी एका बाजूस व अशक्त दुसऱ्या बाजूस जाण्याचा संभव राहतो आणि मग फरक औषधाचा की प्रकृतीचा, हे कळत नाही. २००९ साली निकाल प्रसिद्ध झाला. प्रारंभीचे सहा महिने रसायनोपचार सरस, पुढे गोळी सरस, असे कोड्यात टाकणारे चित्र प्रथम दिसले. परंतु ज्यांच्या गाठींची जनुकतपासणी होऊ शकली त्यांचा हिशेब वेगळा मांडताच कोडे सुटले. बदल असलेल्या रोग्यांपैकी शेकडा ७१ जणांच्या गाठी गोळीने आकसल्या, रसायनोपचाराने ४७ जणांच्या. बदल नसलेल्यांत नेमके उलट: गोळीने शंभरात जेमतेम एकाच्या, रसायनोपचाराने २३ जणांच्या. धूम्रपान न करणे, स्त्री असणे, अमुक वंशाचे असणे, ही सारी केवळ बाह्य लक्षणे ठरली. रोग्याकडे पाहून तर्क करणे आणि गाठ तपासणे यांतील अंतर या आकड्यांनी उघडे केले.

या संशोधनात मुंबईचाही वाटा आहे. १९४१ साली परळ येथे सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील संशोधकांनी ९०७ भारतीय रोग्यांच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमाची तपासणी करून, शेकडा २३ जणांत ई. जी. एफ. आर.मधील बदल आढळतो, असे २०१३ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर याच रुग्णालयाने पुढचा प्रश्न हाती घेतला. बदल असलेल्या रोग्यांस नुसती गोळी द्यावी, की गोळीबरोबर रसायनोपचारही द्यावा? ३५० रोग्यांवरील या चाचणीचा निकाल २०२० साली छापून आला. नुसत्या गोळीने रोग सुमारे ८ महिने आटोक्यात राहिला, दोन्ही मिळून दिल्यास सुमारे १६ महिने. अर्थात त्याची किंमतही पडली. गंभीर त्रास झालेल्यांचे प्रमाण पाव भागावरून सुमारे निम्म्यावर गेले. म्हणून हा निर्णय रोग्याची शक्ती पाहूनच करावा लागतो. विशेष हे की, जेफिटिनिबनंतरच्या पिढीतील ऑसिमर्टिनिब या गोळीबाबत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीतही, जोड उपचाराने रोग अधिक काळ आवरता येतो, असेच दिसून आले.

येथे कोणी असे समजू नये की, बदल सापडला म्हणजे रोग जिंकला. जेफिटिनिबने आटोक्यात आलेली गाठ बहुधा वर्षभराने पुन्हा डोके वर काढते. अशा सुमारे निम्म्या रोग्यांत त्याच जनुकात आणखी एक नवा बदल झालेला असतो आणि गोळीला तेथे बसण्यास जागाच उरत नाही, हे २००५ साली उघडकीस आले. या नव्या बदलास उतारा म्हणून ऑसिमर्टिनिब तयार झाले. पुढे शस्त्रक्रियेनंतरही त्याचा उपयोग करून पाहण्यात आला. गाठ काढून टाकलेल्या, पण जनुकात तो मूळ बदल असलेल्या रोग्यांपैकी, ही गोळी घेणारे शेकडा ८८ व न घेणारे शेकडा ७८ पाच वर्षांनंतर हयात होते, असे २०२३ साली सिद्ध झाले. गाठ कापून काढली, आता तिच्या जनुकांशी काय कर्तव्य, असे म्हणण्याची सोय या आकड्यांनी ठेवली नाही.

इतर खटकेही क्रमाक्रमाने सापडत गेले. २००७ साली जपानी संशोधकांनी ए. एल. के. या जनुकाची एक विकृत जोडणी शोधून काढली आणि चारच वर्षांत तिच्यावरील औषध अमेरिकेत मान्य झाले. दुसरीकडे, शरीराच्या स्वाभाविक प्रतिकारशक्तीला कर्करोगाने लावलेला लगाम सोडविणारी औषधे आली. गाठीत पी. डी.-एल. १ हे प्रथिन विपुल असून वरील दोन जनुकांत बदल नाही, अशा ३०५ रोग्यांवरील चाचणीत, हे औषध प्रथम मिळालेल्यांपैकी शेकडा ३२ जण पाच वर्षांनंतर हयात होते. रसायनोपचाराने सुरुवात केलेल्यांपैकी शेकडा १६. पसरलेल्या रोगात निम्म्यांना आठ महिनेही न लाभण्याच्या काळाशी हे ताडून पाहिले असता केवढा पल्ला गाठला गेला, हे ध्यानात येते. मात्र येथेही अट तीच: आधी तपासणी, मग औषध.

आता या सर्वांचा व्यवहारात अर्थ काय? पहिली गोष्ट अशी की, छायाचित्रातील डाग हे निदान नव्हे. आपल्याकडे खोकला, बारीक ताप व वजन घटणे ही लक्षणे दिसली की क्षयाची शंका प्रथम येते, आणि ती अनाठायी नाही. परंतु थुंकीत क्षयाचे जंतू सिद्ध झाल्यावाचून औषध सुरू होते, उतार पडत नाही, तरी महिने जात राहतात. या अवधीत शस्त्रक्रियेजोगी गाठ तशी राहत नाही. दुसरी गोष्ट गाठीचा तुकडा काढून तपासण्याची, म्हणजे बायॉप्सीची. गाठीला सुई लावली की रोग पसरतो, ही भीती अनेक घरांत अजून आहे. तसे घडणे अत्यंत क्वचित. तुकडा न काढल्याने होणारी हानी मात्र निश्चित. तुकडा पुरेसा मोठा हवा, कारण रोगाचा प्रकार ठरविल्यानंतर जनुकांच्या तपासणीसाठीही त्यातलाच भाग उरावा लागतो. तुकडा अपुरा पडल्यास रक्तातील जनुकांशांवरूनही काही बदल ओळखता येतात. पण रक्तात बदल न दिसल्यास तो गाठीत नाहीच, असे म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट धीराची. या तपासण्यांचे उत्तर येण्यास काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही लागतात, आणि ते दिवस घरच्या माणसांना युगासारखे वाटतात. ‘काहीतरी सुरू करा’ असा आग्रह अशा वेळी स्वाभाविक असतो. रोगी अत्यवस्थ असेल तर डॉक्टर थांबणार नाहीत, हे खरेच. पण तो स्थिर असेल तर त्या उत्तरासाठी थांबणे हा आळस नसून उपचाराचाच पहिला भाग होय. रोगाचा प्रकार कोणता, तो कितपत पसरला आहे आणि जनुकांची तपासणी झाली आहे काय, हे तीन प्रश्न औषधाचे नाव विचारण्यापूर्वी विचारावेत.

एवंच, ज्या गोळीला एकदा जवळजवळ निरुपयोगी ठरविण्यात आले होते, तीच योग्य रोग्याच्या हाती पडताच गुणकारी ठरली. गोळी बदलली नव्हती; बदलले होते ते निदान.