मटार सोलता सोलता

शाळेतून आलेल्या मुलाला ‘आज काय झालं शाळेत?’ असं विचारलं, की बहुतेक घरांत एकच उत्तर मिळतं, ‘काही नाही.’ त्याच मुलाला संध्याकाळी मटार सोलायला शेजारी बसवा. चार शेंगा होतात न होतात तोच बाई कुणाला ओरडल्या, डबा कुणी संपवला, जिवलग मैत्रीण का बोलेनाशी झाली, सगळं बाहेर येऊ लागतं. समोर बसवून विचारलेला प्रश्न मुलांना उलटतपासणीसारखा वाटतो. हात कामात आणि नजर शेंगेवर असली की बोलण्याचं दडपण जातं, मध्ये गप्प राहिलं तरी अवघडल्यासारखं होत नाही. मुलांशी जवळीक साधायला वेगळा वेळ कुठून काढायचा, असं विचारणाऱ्या पालकांनी आधी रोजच्या स्वयंपाकात मुलांना सामावून घ्यावं.

पण त्यांना बसवायचं कुठे? विळी, परात, पाटा-वरवंटा जमिनीवर होते, तेव्हा दोन वर्षांच्या मुलालाही काम डोळ्यांसमोर दिसायचं. ओटा आला, वाकून काम करणाऱ्या बायकांच्या पाठीला आराम मिळाला, ते चांगलंच झालं. मूल मात्र खाली राहिलं. वर काय चाललंय ते दिसत नाही म्हणून ते पायांत घोटाळतं आणि आपण ‘लुडबूड करू नकोस’ म्हणून त्याला बाहेर पिटाळतो. म्हणून निवडणं, सोलणं, मळणं एवढं तरी पुन्हा खाली आणावं. वर्तमानपत्र पसरावं, परात घ्यावी, मांडी घालून बसावं. गॅसही आपोआप लांब राहतो.

काम मात्र खरं हवं. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह सुरू केलं, तेव्हापासून त्यांच्या पद्धतीत लहान मुलांच्या हाती फुटू शकणारी खरीखुरी भांडी दिली जातात; जपून धरायला मूल त्यातूनच शिकतं. तीन-चार वर्षांचं मूल मेथी खुडतं, भाजलेल्या दाण्यांची सालं काढतं. सहा-सातव्या वर्षी लिंबू पिळता येतं, वाटीने पीठ मोजता येतं, ताक घुसळता येतं. दहाव्या वर्षी पोळी लाटायला हरकत नाही. तापलेलं तेल, कुकर आणि मिरच्या मोठ्यांनीच सांभाळाव्यात.

सुरुवात काकडीच्या कोशिंबिरीने करून पाहा. चोचवलेल्या काकडीला मुलाला मीठ लावू द्या आणि दहा मिनिटं थांबा. भांड्यात पाणी जमलेलं दिसेल. ‘हे कुठून आलं?’ हा प्रश्न मूलच विचारेल. मिठाने काकडीतलं पाणी ओढून घेतलं, हे तिथेच समजावून सांगता येतं. मग दाण्याचं कूट, साखर, लिंबू त्याने घालावं. फोडणी तुम्ही द्या. मोहरी तडतडली, की तिच्या आतल्या पाण्याची वाफ होऊन ती फुटते, हेही सांगून टाका. शेवटी विचारा, ‘चव बघ, मीठ पुरे का?’ आणि ते ‘अजून हवं’ म्हणालं, तर चिमूटभर घालाच. घरातल्या सगळ्यांच्या पानात वाढायच्या पदार्थाबाबत त्याचा शब्द चालला, हे मूल विसरत नाही.

पानात भाजी टाकणाऱ्या मुलांसाठीही हा मार्ग उपयोगी आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्विस प्रयोगात ६ ते १० वर्षांची ४७ मुलं होती. काहींनी पालकांच्या मदतीने जेवण बनवलं, बाकीच्यांसाठी ते पालकांनी एकट्याने केलं. स्वतः बनवणाऱ्यांनी सॅलड सुमारे पाऊणपट जास्त खाल्लं. प्रयोग छोटा आहे, पण ‘मी केलंय’ म्हणत दुसऱ्यांदा वाढून घेणारं मूल आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेलं असतं.

यात पसारा होणार, वेळ दुप्पट लागणार. म्हणून शाळेच्या सकाळी हा घाट घालू नये. सुट्टीचा दिवस बरा. सांडलेलं पुसायचं कामही मुलालाच द्यावं, न रागावता. आणि हे फक्त आई-मुलीचं काम नाही. बाबांनी मुलाला घेऊन परातीपाशी बसावं, कारण ज्याच्यासोबत हात चालतात त्याच्याशीच मुलं मोकळी होतात.

येत्या रविवारी एक पदार्थ ठरवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि मुलाला हाक मारा. प्रश्न विचारू नका, नुसतं ऐका.