सोवळ्यातले गलबत

गेल्या दिवाळीत चकल्यांचा घाणा ऐन रंगात असताना मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सहज विचारले, "सगळा फराळ लोखंडाला न शिवता करता येईल का गं?"

"आणि चकल्या तळायच्या कशात? तुमच्या एम. ए.च्या पदवीत?" सौ.नी झारा न थांबवता उत्तर दिले.

त्यांचे बरोबरच होते. कढई लोखंडाची, विळीचे पाते लोखंडाचे, अडकित्ता लोखंडाचा, फार काय, दाराची कडीही लोखंडाचीच! पण मी जे विचारले ते व्रत एका घराने वीस वर्षे पाळले होते, आणि ते घर पाण्यावर तरंगत होते.

त्याचे नाव 'कार्नेगी'. दोन डोलकाठ्यांचे, सुमारे १५५ फूट लांबीचे हे शिडाचे जहाज १९०९ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात पाण्यात उतरले. वॉशिंग्टनच्या कार्नेगी इन्स्टिट्यूशनने ते बांधून घेतले होते, तेही समुद्रावर पृथ्वीचे चुंबकत्व मोजण्यासाठी. होकायंत्राची सुई नेमकी उत्तर दाखवते, अशी आपली भाबडी समजूत असते. प्रत्यक्षात ती ठिकाणागणिक कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे कलते. आणि हा कलही वर्षानुवर्षे बदलत राहतो. तो नकाशावर चुकीचा छापला गेला, तर त्या नकाशाच्या भरवशावर निघालेले जहाज खडकावर जायला किती वेळ लागणार? पण लोखंडी जहाजात बसून हा कल मोजणे म्हणजे ढोलताशांच्या गजरात नाडीचे ठोके मोजण्यासारखे. म्हणून लोखंडाचा विटाळच नको!

मग काय, सगळा सांगाडा लाकडाचा. सांधायला तांब्याचे नि काशाचे खिळे आणि लाकडी खुंट्या. नांगर काशाचे, आणि त्यांना साखळीऐवजी जाडजूड दोरखंड. भटारखान्यातली चूल तांब्या-काशाची. जेवणाचे काटे-चमचे चांदीचे, पण ते थाटासाठी नव्हे, सोवळ्यासाठी! मदतीला इंजिन होते, त्याच्या काही मोजक्या भागांपुरतीच काय ती पोलादाला माफी.

हे वेड फक्त परदेशातले, असे मात्र समजू नका. मुंबईच्या ट्रॅमगाड्या विजेवर धावणार असे ठरताच कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकसुयांवर संकट आले. तेव्हा तिथले संचालक नानाभाई मूस यांनी हे काम १९०४ साली अलिबागला हलवले आणि तिथली इमारत लोखंड टाळून पोरबंदरी दगडात उभी राहिली. अलिबागच्या किनाऱ्यावर सहलीला जाणाऱ्यांनी एकदा तिच्याकडेही मान वळवून पाहावे.

'कार्नेगी'वरचा दिवस सूर्याला बांधलेला होता. डेकवर काचेचे दोन घुमट, त्यांत उपकरणे. सकाळ-संध्याकाळ सूर्यावरून खरी उत्तर ठरवायची आणि सुईची उत्तर तिच्याशी ताडून पाहायची. खाली जहाज डोलते आहे, समोर सुई थरथरते आहे, आणि तेवढ्यात ढग आले की केलेली सगळी तयारी वाया! अधूनमधून जहाज गोल फिरवून निरनिराळ्या दिशांना तोंड करून वाचने घ्यायची, म्हणजे आपल्याच घरातून सुईला फूस मिळत नाही ना, याची खात्री होई. १९१५-१६ मध्ये कप्तान ऑल्ट यांनी हेच करत अंटार्क्टिकाला प्रदक्षिणा घातली. ११८ दिवस नुसती वादळे नि हिमनग, आणि वाटेत थांबा फक्त साउथ जॉर्जिया बेटाचा. ऑल्ट हे मुळात निरीक्षक. नौकानयन शिकून ते पुढे कप्तान झाले.

मे १९२८ मध्ये तीन वर्षांचा बेत आखून जहाज पुन्हा निघाले. आता कामे वाढली होती. साधारण एक दिवसाआड जहाज थांबवून तारेला ओळीने बाटल्या लावून खोल सोडायच्या. मग वरून एक लहानसे वजन तारेवरून घसरत जाई. ते पहिल्या बाटलीवर आपटले की ती उलटी होऊन तोंड मिटून घेई आणि खालच्या बाटलीसाठी दुसरे वजन सोडून देई. अशी ही खोऽ देण्याची शर्यत अंधाऱ्या पाण्यात खोलवर चाले! जहाजावरचे डॉक्टरसुद्धा रोग्यांची वाट पाहत बसत नसत. त्यांनाही निरीक्षणांना जुंपले होते. आणि हवेतली वीज मोजायची ती कधी कधी अखंड चोवीस तास, तासातासाला. त्या रात्री कुणाला तरी जागरण ठरलेलेच.

२९ नोव्हेंबर १९२९. सामोआतल्या एपिया बंदरात जहाज नांगरलेले. वादळ नाही, हिमनग नाही. इंजिनासाठी पेट्रोल भरता भरता स्फोट झाला. कप्तान ऑल्ट आणि एक केबिन-बॉय गेले. लाकडाचे ते घर पाण्याच्या पातळीपर्यंत जळून गेले.

निरीक्षणे मात्र मागे राहिली. त्या जागरणांच्या आकड्यांतून एक नवल निघाले. निरभ्र समुद्रावर हवेतल्या विजेचा जोर जगभर एकाच क्षणी वाढतो आणि एकाच क्षणी उतरतो; तिथे दिवस असो की रात्र. जगात जिथे जिथे दुपारची वादळे गडगडतात, त्यांच्याशी हा चढउतार बांधलेला आहे. त्याच्या आलेखाला शास्त्रज्ञ आजही 'कार्नेगी वक्र' म्हणतात. त्याचे शिखर आपल्या घड्याळाप्रमाणे रात्री साडेबाराच्या सुमारास येते. तेव्हा आपल्याकडे दिवे मालवलेले असतात आणि दक्षिण अमेरिकेत दुपार कलती झालेली असते.